रोग रेड्याला, औषध पखालीला



गळीत हंगाम सुरू झाला की केन यार्डात एक वाक्य हमखास कानावर पडते. "गाडीचा कॉम्प्युटर गेला." गाडी चढाला दम टाकते, कॉम्प्युटर गेला. सकाळी सेल्फ फिरतो पण इंजिन उठत नाही, कॉम्प्युटर गेला. भर रस्त्यात बंद पडते आणि तासाभराने काही न करता सुरू होते, तरीही कॉम्प्युटरच गेला. पूर्वी घरात काही बिनसले की भानामतीचे नाव निघे, तसे हल्ली कॉम्प्युटरचे निघते. फरक एवढाच, की भानामतीचे काम लिंबू-नारळात भागत होते. कॉम्प्युटरचे बिल हजारांत येते, आणि ते भरूनही गाडी पुन्हा तिथेच उभी राहिली, तर विचारायचे कोणाला?

हा प्रश्न नुसत्या गाडीमालकाचा असता तर या पानावर जागा अडवली नसती. पण ऊस तुटून फडात पडला आणि गाडी आली नाही, तर नुकसान कोणाचे होते? तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आपल्याला शेतकी खाते दरवर्षी सांगते. उन्हात पडून राहिला की वजन घटते, साखरेचा उतारा घटतो. टोळी बसून राहते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी उसाच्या दरातूनच वजा होतो. म्हणजे एका गाडीची पाच रुपयांची वायर तुटली, तर तिची झळ गाडीमालक, ऊसमालक, मुकादम आणि कारखाना अशी चौघांना लागते. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. जुन्या डिझेल गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक बिघाडाचे निदान ही आता सहकाराने हाती घेण्याची गोष्ट झाली आहे, आणि ते निदान लेखी झाल्याशिवाय कोणत्याही सभासदाने महागडा पार्ट बदलू देऊ नये.

आधी हे संकट आले कोठून ते पाहू. जुने डिझेल इंजिन म्हणजे साधा माणूस होता. हवा दाबली, पंपाने नोझलमधून डिझेल मारले, इंजिन चालले. वीज लागायची ती सेल्फला आणि दिव्यांना. एकदा इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून घरी नेली तरी गाडी चालत राहायची. आपली सगळी मिस्त्री मंडळी या इंजिनावर शिकली, आणि उत्तम शिकली. पुढे धुराचे नियम कडक होत गेले. डिझेल किती, कधी आणि किती दाबाने मारायचे हे पंपाच्या हातून काढून कॉम्प्युटरच्या हाती गेले. यालाच कॉमन रेल म्हणतात. ट्रकमध्ये हे तंत्र जपानात १९९५ साली आले, मोटारीत युरोपमध्ये १९९७ साली आले आणि आपल्याकडच्या जीपगाड्यांत २००५ च्या सुमारास दिसू लागले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले, तेव्हा मालट्रकांतही ते सर्रास झाले. ट्रॅक्टरवाल्यांनी आपण सुटलो असे समजू नये. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत, आणि त्यांच्याही इंजिनात कॉम्प्युटर बसू लागला आहे.

आता गंमत अशी की पहिल्या पिढीतल्या या गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या. इंजिन ठणठणीत आहे, पण वायरी कडक झाल्या, कप्लर सैल झाले, अर्थिंगच्या पट्ट्या गंजल्या. म्हातारपणी माणसाचे हृदय चांगले असले तरी नसा थकतात, तसेच हे. आणि आपण मात्र नस सोडून मेंदूलाच हात घालतो.

हा कॉम्प्युटर करतो तरी काय? त्याला स्वतःला डोळे-कान नाहीत. क्रँक किती वेगाने फिरतो, पाणी किती तापले, हवा किती आत आली, रेलमध्ये डिझेलचा दाब किती, चालकाने पाय किती दाबला, हे सगळे त्याला सेन्सर सांगतात. बहुतेक सेन्सरांना तो पाच व्होल्टचा पुरवठा देतो आणि त्यातले किती व्होल्ट परत आले यावरून हिशेब करतो. हिशेबात न बसणारा आकडा आला की तो कोड लिहून ठेवतो, लाल किंवा पिवळा दिवा लावतो आणि गाडीची ताकद कमी करतो. गाडी मरू नये म्हणून केलेली ती सोय आहे. आपण म्हणतो पिकअप गेला.

स्कॅनर लावला की हा कोड दिसतो. इथेच घोटाळा होतो. पी ०३३५ असा कोड आला की क्रँक सेन्सर बदलायचा, पी ००८७ आला की पंप उतरवायचा, असा सरधोपट कारभार चालतो. वास्तविक पी ०३३५ एवढेच सांगतो की क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला, वायर आली, कप्लर आला, अर्थ आला. पी ००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी आहे. आता तो फिल्टर चोंदल्याने कमी असेल, टाकीपासूनच्या पाइपातून एअर घेतल्याने असेल, नोझल परतीच्या नळीत डिझेल सोडत असल्याने असेल किंवा दाब मोजणारा सेन्सरच खोटे बोलत असेल. कोड म्हणजे गावचा पत्ता. घर कोणते ते आपण चालत जाऊन शोधायचे असते. गाव सापडले म्हणून पहिल्याच दारावर टाच आणणे हे काही न्यायाचे नव्हे.

एक उदाहरण देतो. ऊस वाहणारी एक जुनी पिकअप गाडी. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन उठत नाही. स्कॅनरने एकदम दोन कोड दाखवले, रेलच्या दाबाचा सेन्सर "लो" आणि इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा सेन्सरही "लो". एका गॅरेजमध्ये निकाल मिळाला, की दोन सेन्सर एकाच दिवशी कसे जातील, तेव्हा कॉम्प्युटरच गेला. पहिले अर्धे वाक्य अगदी बरोबर होते. दोन सेन्सर एकाच दिवशी जात नाहीत. पण मग त्या दोघांत समाईक काय, हा पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. समाईक होता तो पाच व्होल्टचा पुरवठा.

दुसऱ्या मिस्त्रीने मीटर लावला. कप्लरवर पाच व्होल्ट यायला हवे होते, तिथे पाव व्होल्टही नव्हता. त्याने पहिला सेन्सर सोडवला, पुरवठा आला नाही. दुसरा सोडवला, तरी आला नाही. म्हणजे पुरवठा खाली ओढणारा सेन्सर नव्हे. उरले दोघे, वायर आणि कॉम्प्युटर. बॅटरी सोडवून त्याने कॉम्प्युटरचा मोठा कप्लर काढला आणि ती वायर इंजिनाच्या बॉडीला लागते का ते मीटरवर पाहिले. लागत होती. कॉम्प्युटर बाजूला काढूनही वायर बॉडीला चिकटलेलीच, तेव्हा कॉम्प्युटर निर्दोष सुटला. मग हार्नेस धरून बोटाबोटाने मागे जाता जाता एका लोखंडी ब्रॅकेटच्या धारेवर घासून उघडी पडलेली वायर सापडली. तुकडा जोडला, डाग दिला, नळी चढवली, ब्रॅकेटला रबर लावले. गाडी उठली.

यात चमत्कार काही नाही. आपल्या शेतात पाणी येईनासे झाले तर आपण थेट विहिरीवरची मोटर फेकून देतो काय? आधी वीज पाहतो, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह, मग पाइपलाइन कुठे फुटली ते पाहतो. गाडीलाही तीच रीत लावायची. चालकाने आणि मालकाने किमान एवढा क्रम पाठ करावा.

पहिले, बॅटरी. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरू नये. इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान असावी. चोवीस व्होल्टच्या ट्रकला हेच आकडे दुप्पट धरावेत. बॅटरी मेलेली असताना आलेले निम्मे कोड खोटे असतात. ते लिहून घ्यावेत, पुसावेत आणि बॅटरी ठीक झाल्यावर कोणते परत येतात ते पाहावे.

दुसरे, अर्थिंग. सेल्फ फिरत असताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला आणि दुसरे इंजिनाला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर पट्टी खराब आहे. आणि एक ध्यानात ठेवा. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. म्हणून कॉम्प्युटरच्या मुख्य पुरवठ्याच्या वायरीवर एकवीस वॅटचा बल्ब लावून पाहावा. बल्ब लख्ख पेटला तरच वायर भार पेलते म्हणायचे. कागदावरचा पैलवान आणि हौद्यातला पैलवान यांत फरक असतोच.

तिसरे, दिवा. चावी फिरवली की इंजिनाचा चेक लाईट पेटला पाहिजे. पेटतच नसेल तर आधी बल्ब, फ्यूज आणि कॉम्प्युटरचा मेन रिले तपासा. ज्याच्या घरात वीजच नाही त्याला आंधळा ठरवू नये.

चौथे, थंड इंजिनाची परीक्षा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर लावून पाण्याचे आणि हवेचे तापमान वाचा. दोन्ही बाहेरच्या हवेच्या जवळपास हवेत. वैशाखात एखादा सेन्सर उणे चाळीस दाखवत असेल, तर हिमालयात गेल्याचा तो पुरावा नव्हे. त्याचे सर्किट कुठेतरी तुटले आहे एवढाच अर्थ.

पाचवे, सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनाचे फेरे पाहा. सेल्फ फिरतो आहे आणि फेरे शून्य दिसतात, तर संशय क्रँक सेन्सरवर आणि त्याच्या वायरीवर. गाडी तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर सुरू होते, तेव्हाही आधी इकडेच पाहावे. फेरे दिसत असतील तर रेलचा दाब पाहा. सेल्फवर तो वाढत नसेल तर डिझेलची बाजू तपासा, फिल्टरपासून सुरुवात करून. पाय दाबून गाडी ऐकत नसेल तर पेडल हळूहळू दाबत सेन्सरचे दोन्ही आकडे पाहा. ते गुळगुळीत चढले पाहिजेत, मधेच उडी नको.

एवढे सगळे बरोबर आले, वीज व अर्थ पक्के ठरले, सेन्सरचे निरोप आत पोचतात आणि तरीही कॉम्प्युटर नोझलला हुकूम देत नाही, तरच त्याच्यावर आरोप ठेवावा. कॉम्प्युटर कधी जातच नाही असे मी म्हणत नाही. जातो. पण बहुधा आपणच त्याला घालवतो, आणि कसा ते सांगणे हे या लेखाचे मोठे प्रयोजन आहे.

हंगामाच्या तोंडावर आपण ट्रकच्या बॉडीला, हुकला, साखळीच्या कड्यांना वेल्डिंग करून घेतो. बॅटरी जोडलेली, वेल्डिंगचा अर्थ भलतीकडे लावलेला. तो प्रवाह वाटेत कॉम्प्युटरला भेटून जातो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टोके काढावीत आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावा. दुसरी खोड, अल्टरनेटर चार्ज करतो का हे पाहण्यासाठी चालत्या इंजिनात बॅटरीचे टोक उपटायचे. जुन्या गाडीत हे खपून गेले. नव्या गाडीत टोक उपटताच व्होल्टेज उसळते आणि कॉम्प्युटर जळू शकतो. तिसरी, दुसऱ्या गाडीवरून बॅटरी देताना प्लस-मायनसची उलटापालट. चौथी, हंगाम संपला की इंजिनावर जोराच्या पाण्याचा फवारा. मळी निघते, पण पाणी कप्लरमध्ये शिरते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पिना हिरव्या पडतात. पाचवी आपल्या भागातली खास. गाडी सहा महिने उसाच्या कडेला उभी, आणि उसातले उंदीर वायरींवर दात घासतात. उभी गाडी उसापासून लांब, मोकळ्या जागी लावावी आणि बॉनेट महिन्यातून दोनदा तरी उघडावे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, कारण ते जिवाशी आहे. कोणता सिलिंडर मिसिंग करतो हे पाहायला आपले मिस्त्री चालू इंजिनात नोझलच्या पाइपचे नट सैल करत. कॉमन रेलमध्ये हे कदापि करू नये. ट्रकच्या टायरात साधारण आठ बार हवा असते. या रेलमध्ये भाराखाली पंधराशे बारच्या घरात दाब असतो. त्यातून निघालेली डिझेलची सुईएवढी धार कातडी फाडून आत शिरते. बाहेरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आतून हात सडतो. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये, त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे. नोझलच्या विजेच्या वायरींनाही चालू इंजिनात हात लावू नये. तिथे बारा व्होल्ट नसतात, त्याच्या कितीतरी पट असतात.

आता मागणीकडे येतो. कारखान्याच्या गॅरेजमध्ये एक निदान टेबल असावे. त्यावर चांगला स्कॅनर, दोन चांगले मीटर आणि आपल्याकडे वाहतुकीला येणाऱ्या मॉडेलांचे वायरिंगचे नकाशे असावेत. परिसरातल्या आयटीआय झालेल्या दोन मुलांना नीट प्रशिक्षण देऊन तिथे बसवावे. हंगामापूर्वी, ऑगस्ट-सप्टेंबरात, करार झालेल्या प्रत्येक गाडीची बॅटरी, अर्थिंग आणि कोड तपासून मालकाला लेखी कागद द्यावा. वाजवी फी घ्यावी, फुकट नको. आणि यार्डातल्या वेल्डिंगच्या जागेवर "आधी बॅटरी सोडवा" अशी ठळक पाटी लावावी.

यावर दोन आक्षेप येणार. एक, कारखान्याने गॅरेजचा धंदा का करावा? धंदा करू नयेच. टेबलावर फक्त निदान व्हावे, दुरुस्ती गावातल्या गॅरेजमध्येच व्हावी. ती गॅरेजेही आपल्याच पोरांची आहेत. हातात आकड्यांचा कागद असला तर चांगल्या मिस्त्रीचे काम सोपे होईल, आणि अंदाजपंचे पार्ट बदलणाऱ्याला मात्र उत्तर द्यावे लागेल. दुसरा आक्षेप, एवढा खर्च मूठभर गाडीमालकांसाठी का? त्याचे उत्तर वर आलेच आहे. गाडी उभी राहिली की ऊस सगळ्यांचा वाळतो. प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी कारखाना उभा राहिला, तो एकट्या शेतकऱ्याला गिरणी परवडत नव्हती म्हणून. आज एकट्या गाडीमालकाला चांगला स्कॅनर आणि तो वाचणारा माणूस परवडत नाही. चौघांनी मिळून घेतला तर परवडतो. तत्त्व तेच आहे.

कोणी म्हणेल, जुन्या गाड्या मोडीत काढा आणि नव्या घ्या. ज्याची ऐपत आहे त्याने जरूर घ्याव्यात. पण ज्याच्या डोक्यावर मुलीच्या लग्नाचे आणि ठिबकचे कर्ज आहे, त्याला जुनी गाडीच आणखी चार हंगाम ओढायची आहे. त्याची गाडी एका तुटक्या वायरीपायी भंगारात जाऊ नये, एवढेच मागणे आहे.

तोवर प्रत्येक गाडीमालकाने दोन गोष्टी आजपासून कराव्यात. गाडीत एक वही ठेवावी. बिघाड कधी झाला, गाडी थंड होती की गरम, भरलेली की रिकामी, पाऊस होता का, दिवा पेटला होता का, कोड कोणता आला, हे चालकाकडून लिहून घ्यावे. डॉक्टरला रोग्याची हकिकत लागते, तशी मिस्त्रीला गाडीची लागते. आणि कोणीही "कॉम्प्युटर गेला" म्हटले की शांतपणे विचारावे, "मिस्त्री, पाच व्होल्टचा पुरवठा किती आला? अर्थिंगवर किती व्होल्ट पडले? सेन्सर सोडवून पाहिलात का?" ज्याने तपासले आहे तो आकडे सांगेल, आणि त्याची मजुरी हसत द्यावी. ज्याने तपासलेले नाही तो चिडेल. त्याच्याकडून गाडी ओढून न्यावी.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत निदान टेबलाचा ठराव मांडला जावा, अशी संचालक मंडळास नम्र विनंती आहे. सभासदांनीही त्या दिवशी चहा-नाश्त्यापुरते न येता या विषयावर बोलावे. ज्यांना हा विचार पटत नाही त्यांनी तर आवर्जून बोलावे. मतभेद सभेत झालेले बरे, जानेवारीच्या रात्री भरली गाडी घाटात उभी करून झालेले नकोत.